यजमान बसत नाही

स्वेतोझारने त्या वर्षी मासासुद्धा सोडला, तेव्हा घरच्यांना कळून चुकलं की आता प्रकरण हाताबाहेर गेलंय.

नाताळच्या उपासात मांस, दूध, लोणी, अंडी बंद, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. त्या दिवसांत तीसुद्धा कसायाच्या दुकानापुढे बसायचा आग्रह धरत नसत. पण संत निकोलाच्या दिवशी माशाला चर्चची परवानगी होती. आणि ज्या घराचा कुलसंतच निकोला, त्या घरात माशाला नको म्हणणं म्हणजे संतालाच चार गोष्टी शिकवणं.

“चर्चची परवानगी दुबळ्यांसाठी असते, आई,” स्वेतोझार म्हणाला.

लेपोसावाच्या दोन्ही हातांत तिसा नदीतला कार्प मासा होता. चांगला गुबगुबीत होता, आणि तो मिळवण्यासाठी तिनं दोन मासेवाल्यांशी आणि एका चुलतभावाशी वैर घेतलं होतं. तिनं तो पाटावर ठेवला.

“म्हणजे मी दुबळी?”

“तसं नाही म्हणालो मी.”

“मग कसं म्हणालास?”

कसं ते सांगायला तो थांबला नाही. त्याची प्रार्थनेची वेळ झाली होती. ती नेमकी अशाच वेळी व्हायची.

तीन वर्षांपूर्वी स्वेतोझार शहरातून परत आला, तेव्हा त्याचं फरशांचं दुकान बंद पडलेलं होतं आणि बायको दुसरीकडे राहायला गेलेली होती. आल्यावर त्यानं दारू सोडली. घरात आनंद झाला. मग सिगारेट सोडली, आनंद टिकला. मग साखर, तेल, टीव्ही आणि गादी सोडली. स्वतःजवळ सोडण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यानं दुसऱ्यांच्या ताटांकडे लक्ष वळवलं. तेव्हापासून घरात जेवताना सगळे भिंतीकडे तोंड करून बसायला लागले असते, पण टेबल गोल होतं.

एरवी हेही चाललं असतं. पण यंदा गोष्ट वेगळी होती.

स्लावाच्या दिवशी, म्हणजे घराच्या संताच्या दिवशी, यजमान बसत नाही. सकाळी मेणबत्ती पेटली की तो उभा राहतो. आल्यागेल्याला वाढतो, पेले भरतो, आणि शेवटचा पाहुणा गेल्यावर उरलंसुरलं उभ्यानंच खातो. आमंत्रण कुणालाच नसतं. येईल तो आपला. स्वेतोझारच्या बापानं, रादिसावनं, हे चाळीस वर्षांच्या वर केलं होतं. पण शरदात तो आलुबुखाराच्या झाडावरून पडला आणि खुबा मोडला. या वयात झाडावर का चढलात, असं सगळ्यांनी विचारलं. उतरायला कुणी सांगितलं होतं, असं कुणी विचारलं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं. आता काठी घेऊनही पाच मिनिटांवर उभं राहणं त्याला जमत नव्हतं. तेव्हा यंदा स्लावा मुलाच्या हाती जायची होती. पाद्री संताचा पाव कापतो, त्यातली चतकोर जुना यजमान मुलाच्या हातात ठेवतो. ठेवली की ठेवली. त्यानंतर संत त्याचा, मेणबत्ती त्याची, पाहुणे त्याचे, मरेपर्यंत.

स्वेतोझारला ती चतकोर हवी होती. आजवर त्यानं देवाकडे दुकान मागितलं होतं, बायको मागितली होती, मूल मागितलं होतं. आता तो एवढंच मागत होता, आणि आपण काहीच मागत नाही अशा समजुतीत होता.

सकाळी रादिसाव पलंगावर बसून मोजे चढवत होता. म्हणजे लेपोसावा चढवत होती आणि तो सूचना देत होता.

“मोठा उभा राहील,” तो म्हणाला. “त्यात शंका नाही. दिवसभर खांबासारखा उभा राहील. पण लोक बसतील का?”

“आणि धाकटा?”

“मोमीरकडे लोक बसतील गं. पण तोही त्यांच्यात बसेल.”

लेपोसावानं मोजा जरा जोरातच ओढला. “दोन मुलगे झाले, अहो. एक यजमान होईना.”

“पाद्री येईस्तोवर मोठ्याला उभा करू,” रादिसाव म्हणाला. “मग बघू.”

*

एतेल्का या घरात येऊन चार वर्षं झाली होती. तेवढ्यात तिला स्लावाच्या दिवशी बटाटे सोलण्यापासून पेले पुसण्यापर्यंत बढती मिळाली होती. ती सुबोतित्साकडची, हंगेरियन, कॅथलिक; हे घर सर्ब, ऑर्थोडॉक्स. लग्नाच्या वेळी यातलं नेमकं काय जास्त वाईट, यावर घरात एकमत झालं नव्हतं, म्हणून लग्न पार पडलं. यंदा सासूचे गुडघे आणि सासऱ्याचा खुबा यांनी मिळून तिला पहिल्यांदा स्वतंत्र काम मिळवून दिलं होतं: जोडबिस्किटं. दोन नाजूक गोल चकत्या, मध्ये जर्दाळूचा मुरंबा, वर पिठीसाखर.

“लोणी नाही हं,” सासू म्हणाली होती.

“दूध नाही,” सासरा म्हणाला होता.

“अंडं तर नाहीच नाही,” आत्याबाई फोनवरून म्हणाल्या होत्या.

“मांसाचा वाससुद्धा नको,” भावोजी म्हणाले होते. बिस्किटात मांस कोण घालतं, हा प्रश्न तिनं गिळला.

तिनं काहीच विसरायचं नाही असं ठरवलं होतं, आणि काहीच विसरली नव्हती. बिस्किटं अशी झाली होती की उचलताना श्वास धरावा. तिला फार काही नको होतं. ‘आमच्या धाकट्या सुनेनं केलीत’ एवढं वाक्य सासूच्या तोंडून पाहुण्यांसमोर एकदा निघावं, बस.

“तुझ्या दादाला आवडतील का रे?” तिनं नवऱ्याला विचारलं.

मोमीरनं ताटाच्या कडेची दोन उचलली. “दादाला काहीही आवडून घ्यायची बंदी आहे. मला आवडली. अजून एक घेऊ?”

“पाहुण्यांना ठेव!”

“मी आता थोड्या वेळानं पाहुणाच होणार आहे.”

*

दुपारपर्यंत बैठकीची खोली भरली. घेवड्याची भट्टीत भाजलेली हंडी आली, कोबीच्या पानातल्या भात-अक्रोडाच्या वळकट्या आल्या, कार्प आला आणि त्याला सगळ्यांनी मान दिला. फक्त यजमान सोडून. स्वेतोझार काळा कोट घालून टेबलाशी उभा होता, आणि वाढत होता हे कुणालाही नाकारता आलं नसतं.

शेजारचे दोब्रिवोये मधमाश्या पाळत. त्यांनी दारूचा पेला पुढे केला.

“राकिया? दुसरा?” स्वेतोझारनं विचारलं.

“दुसराच असावा,” दोब्रिवोये म्हणाले. ते मोजत नसत.

“घ्या की. देव बघतोय, पण घ्या.”

दोब्रिवोयेंनी पेला घेतला आणि तो पिण्याऐवजी त्याकडे पाहत बसले.

“घेवडा अजून वाढू? यात तेल आहे, बरं का. मी घेत नाही, पण तुम्ही घ्या.”

रादिसावची थोरली बहीण स्तामेना संताच्या प्रतिमेखालची खुर्ची अडवून बसली होती. ऐंशी ओलांडलेली, दातांनी अर्धी, जिभेनं पूर्ण. ती मोठ्यानं म्हणाली, “हा वाढतोय की पंचनामा करतोय?”

“आत्या, मी फक्त सांगतोय.”

“तुझ्या आजोबांनी युद्धानंतर या टेबलावर नुसती उकडलेली बीटं वाढली होती. पण अशी वाढली की लोकांना वाटलं, हंस खाल्ला. तू हंस वाढलास तरी बीट लागेल रे, पोरा.”

दोन पाहुणे हसले आणि लगेच ताटांत बघायला लागले. दाराजवळच्या एकानं टोपी शोधायला सुरुवात केली. रादिसावनं कोपऱ्यातून ती टोपी पाहिली. चाळीस वर्षांत या घरातून दिवसाउजेडी कुणी टोपी शोधली नव्हती.

तेवढ्यात दार उघडलं आणि बर्फाबरोबर फादर मिलादिन आत आले. अर्ध्या गावाचा कुलसंत निकोलाच होता. सकाळपासून घरोघर पाव कापून फादरांचा आवाज बसला होता. ते खुर्चीत टेकले आणि एतेल्कानं पुढे केलेल्या ताटलीतलं बिस्किट त्यांनी न बघताच तोंडात टाकलं. मग बघून दुसरं घेतलं.

स्वेतोझार पुढे झाला. “फादर, मी यंदा माशालाही हात लावला नाही.”

“ऐकलं,” फादर म्हणाले. “येताना चार घरांत ऐकलं.”

स्वेतोझारचा चेहरा नम्र झाला. त्याला ते जमायचं.

“मासा सोडलास, तेल सोडलंस. चांगलं केलंस,” फादर म्हणाले. त्यांच्या मिशीवर पिठीसाखर होती. “स्वेतोझारला कधी सोडतोस?”

स्वेतोझार हसला. पाद्री थकलेत, असं त्यानं मनात धरलं.

इकडे स्तामेनाआत्या सहाव्या बिस्किटावर आली होती. तिनं ते खिडकीच्या उजेडात धरलं. “लेपोसावा, कुणी केलीत गं ही?”

लेपोसावानं पदराला हात पुसतात तसे एप्रनला पुसले. “आमच्या धाकट्या सुनेनं केलीत,” ती म्हणाली.

एतेल्का स्वयंपाकघराच्या दारात होती. तिचे कान लाल झाले.

“सत्तर वर्षं मी उपासाची बिस्किटं खातेय,” आत्या म्हणाली. “सगळी तेलाची. दात असताना दात तुटायचे, आता हिरड्या सोलतात. आणि ही जिभेवर ठेवली की विरघळतात. पोरी, यात घातलंस तरी काय?”

“चरबी,” एतेल्का आनंदानं म्हणाली. “आमच्या माहेरच्या डुकराची. आईनं खास डबा पाठवला.”

पाहुण्यांचे हात ताटल्यांवरच थांबले.

दोब्रिवोयेंचा जबडा अर्ध्यावर थांबला. त्यांच्या कोटाच्या खिशात नातीसाठी घेतलेली आणखी तीन होती. त्यांनी खिशावर हात ठेवला, जणू ती आता ओरडतील. फादरांनी मिशी पुसली. लेपोसावानं टेबलाची कड धरली. तिनं स्वतः दोन खाल्ली होती, शिवाय एक चव बघायला.

एतेल्कानं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. “का? लोणी नाही घातलं मी. दूध नाही, अंडं नाही. चरबी म्हणजे मांस नव्हे ना? आमच्याकडे शुक्रवारी मांस चालत नाही, पण चरबीत केलेलं… आमचे पाद्रीसुद्धा…” तिचा आवाज बारीक होत गेला. “कुणी म्हणालं नाही मला.”

कुणी म्हणालं नव्हतं, हे खरं होतं. चरबी चालत नाही हे या घरात सांगायचीच वेळ कधी आली नव्हती, जसं विहिरीत उडी मारू नये हे सांगायची येत नाही. मोमीर खुर्चीतून उठला होता. तो कुणाकडे जावं ते न कळून मध्येच उभा होता. एतेल्काचे हात पाठीमागे गेले आणि एप्रनची गाठ सोडायला लागले.

*

या घटकेला त्या खोलीत एकच शुद्ध माणूस होता.

हे स्वेतोझारच्या सगळ्यांच्या आधी लक्षात आलं. पाद्रीसुद्धा बाटला होता. आई, आत्या, शेजारीपाजारी, झाडून सगळे. तीन वर्षं जे हसले, ज्यांनी टोमणे मारले, ते आता तोंडात चरबी घेऊन बसले होते, आणि तो काळ्या कोटात ताठ उभा होता. आता चतकोर दुसऱ्या कुणाला देणार? त्याच्या छातीत काहीतरी गोड पसरलं. आणि तीन वर्षं साखर न खाल्लेल्या माणसाला तो गोडवा चटकन ओळखू आला.

त्याला आनंद झाला होता. पन्नास माणसं उपासातून पडली याचा त्याला आनंद झाला होता.

तो घाबरला. साध्या माणसासारखा, जिन्यात पाय चुकल्यावर घाबरतो तसा. आणि मग त्याला भावजयीचे हात दिसले. गाठ सुटत नव्हती. दुकानाचं शटर शेवटचं ओढलं त्या दिवशी त्याच्या हातांना कुलूप असंच लागत नव्हतं. रस्त्यावर ओळखीची माणसं होती आणि सगळी अशीच बघत होती. मोमीर आणि एतेल्का टेम्पो घेऊन आले होते. कसं झालं, किती बुडालं, कुणाची चूक, तिनं काहीएक विचारलं नव्हतं. “भावोजी, जेवलात का?” एवढंच म्हणाली होती.

स्वेतोझार टेबलाला वळसा घालून गेला, तिच्या हातातली ताटली घेतली आणि त्यातलं एक बिस्किट तोंडात टाकलं.

“स्वेतो!” लेपोसावा ओरडली. “अरे, चरबी आहे त्यात!”

“ऐकलं, आई. सगळ्यांना दिलं आणि यजमानाला विचारलं नाही कुणी.” त्याच्या तोंडातून साखर उडाली. “एतेल्का, ती गाठ राहू दे. सोडू नकोस.”

स्वेतोझार उभा राहिला, आणि उभं राहता राहता त्याच्या मनात आलं की सगळे आपल्याकडे बघतायत, आणि केवढं सोडलं आपण, उपाससुद्धा सोडला! जुना स्वेतोझार मागच्या दारानं आत येऊन खुर्ची ओढून बसला होता.

स्तामेनाआत्यानं त्याला येताना पाहिलं. ती त्याला जन्मापासून ओळखत होती.

“एक खाल्लंस तर उपकार झाला,” ती म्हणाली. “दुसरं खा, म्हणजे भूक कळेल.”

त्यानं दुसरं खाल्लं. तिसरं खायला कुणी सांगितलं नाही. ते त्यानं आपणहून खाल्लं, आणि डोळे मिटले. “अगं, काय झालीत ही!” तो म्हणाला. तो आवाज तीन वर्षांत या घरात कुणी ऐकला नव्हता. चौथं घेताना त्यानं आधी ताटलीत किती उरलीत ते चोरून पाहिलं.

आधी मोमीर हसला. मग दोब्रिवोये, मग त्यांनी खिशावरचा हात काढला, मग सगळी खोलीच. लेपोसावा हसता हसता रडली आणि सुनेला जवळ घेऊन स्वतःच तिच्या एप्रनची गाठ पुन्हा घट्ट बांधली. “चुकलं माझंच,” ती म्हणाली. “चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या, पाचवी सांगायला कुणाचं तोंड नव्हतं.”

“फादर,” दोब्रिवोयेंनी काळजीनं विचारलं, “मोडला का आमचा?”

“ज्याला ठाऊक नव्हतं, त्याचा मोडला नाही,” फादर म्हणाले.

“आणि ज्याला ठाऊक होतं?”

फादरांनी स्वेतोझारकडे पाहिलं. त्याच्या काळ्या कोटावर पुढून पांढरा सडा पडला होता. “त्याचा, मला वाटतं, आजच सुरू झाला.”

आत्यानं ताटलीकडे हात नेला.

“आत्याबाई, तुम्हाला आता ठाऊक झालंय,” फादर म्हणाले.

“मला कमी ऐकू येतं,” आत्या म्हणाली.

*

बातमी रस्त्यापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. रादिसावच्या घरी पाद्रीला चरबी खाऊ घातली, हे ऐकून जे येणार नव्हते तेही आले. टोपी शोधणारा माणूस बायकोला घेऊन परत आला. पेले कमी पडले, बशा संपल्या, आणि स्वेतोझार वाढत होता. आता तो काही सांगत नव्हता. कुणाच्या पेल्यात कितवा, ते त्यानं पाहिलं नाही. पेला रिकामा आहे एवढंच पाहिलं. मग बशा धुवायला तो एतेल्काबरोबर स्वयंपाकघरात शिरला, आणि तिथेच राहिला.

फादर मिलादिन घड्याळाकडे बघून उठले. “चला, पाव कापू. मला पुढे अजून घरं आहेत. यजमान कुठाय?”

“आलो!” आतून आवाज आला. “ही एवढी चळत होऊ दे!”

खोली थांबली. आतून पाण्याचा आवाज आला, एतेल्का काहीतरी म्हणाली, स्वेतोझार खो खो हसला. यजमान काही आला नाही.

रादिसावनं काठी घेतली. “त्याला नका बोलवू,” तो म्हणाला. “आपणच जाऊ.”

म्हणून त्या वर्षी संताचा पाव स्वयंपाकघरात कापला गेला. पंचवीस माणसं आत आणि उरलेली दारात. मोमीरनं मेणबत्ती खिडकीत टेकवली. फादरांनी बसलेल्या आवाजात गायला सुरुवात केली, आणि ज्याचा हात पोचला त्यानं पावाला हात लावला, सगळ्यांनी मिळून तो फिरवला. पोचत नव्हता त्यानं पुढच्याच्या खांद्याला हात लावला. एतेल्का मागे सरकायला लागली, तेव्हा लेपोसावानं तिचं मनगट धरून पावावर ठेवलं.

“साबण लागला की पावाला,” आत्या म्हणाली.

“पुसतो, आत्या,” स्वेतोझार म्हणाला.

“पुसून काय होतंय? साबणही आपल्या घरी चरबीचाच उकळतात.”

फादरांना प्रार्थना मध्येच थांबवून हसून घ्यावं लागलं. मग त्यांनी पाव क्रुसासारखा कापला, त्यावर वाइन ओतली आणि एक चतकोर रादिसावच्या हातात दिली. रादिसावचं सकाळचं ‘मग बघू’ संपलं होतं. त्यानं दोन पावलं टाकली, काठीशिवाय, आणि चतकोर मोरीशी उभ्या असलेल्या थोरल्या मुलापुढे धरली.

“घे, स्वेतो.”

स्वेतोझारनं त्या तुकड्याकडे पाहिलं. कवचावर पिठाची छोटी कणसं काढलेली होती, आईच्या हातची. वाइन झिरपून कड लाल झाली होती. त्याला ती अजूनही हवी होती. मग त्यानं शेजारी पाहिलं. मोमीर आणि त्याची बायको खांद्याला खांदा लावून उभी होती, दोघांच्या मागे सगळा गाव दाटला होता, आणि कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

त्यानं दोन्ही हात वर केले. कोपरांपर्यंत फेस होता.

“हात ओले आहेत माझे, बाबा,” तो म्हणाला. “मोमीर, तू धर.”

मोमीरनं धरली. दादानं धर म्हटलेलं धरायची त्याला लहानपणापासूनची सवय होती. आधी शिडी, मग कंदील, मग गाईचं दावं. तुकडा हातात आल्यावर त्याला कळलं की हा धरायचा नव्हता.

“मी नुसता धरलाय!” तो दचकून म्हणाला. “दादाचा आहे हा. फादर, सांगा की!”

“असाच नुसता धरतात,” फादर म्हणाले. “प्रार्थना झालीये. पुन्हा होत नाही.”

रादिसावनं तोंड उघडलं, थोरल्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मोमीर मागे सरकला. त्यानं मागे हातानं स्टूल चाचपलं.

“उठ, बसतोस काय!” आत्या कडाडली. सगळं स्वयंपाकघर हसलं, टाळ्या झाल्या, दोब्रिवोयेंनी मोमीरच्या गालाचे मुके घेतले, कुणीतरी त्याच्या मोकळ्या हातात राकियाची बाटली दिली आणि त्याला ढकलत बैठकीत नेलं, कारण तिथे आता पेले रिकामे होते. एतेल्का पेल्यांचं ताट घेऊन मागोमाग धावली.

स्वेतोझार पुन्हा मोरीकडे वळला होता आणि बशा धूत होता. बेताल आवाजात तो मघाचं स्तोत्र गुणगुणत होता.

लेपोसावा तेवढी मागे राहिली. तिला दिसलं की तिच्या मुलाच्या डाव्या खांद्यावर एक टॉवेल होता, घडीसुद्धा न मोडलेला, कोरडा ठणठणीत. तिनं दाराकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. तिनं तो हळूच ओढून घेतला, बादलीतल्या पाण्यात पार बुडवला, आणि न पिळता पुन्हा त्याच्या खांद्यावर टाकला.